रविवारची सुकेळी

ब्याऐंशी सालची गोष्ट. बहारीनमधल्या एका बसस्टॉपवर महादेव उभा होता; त्याला सित्र्याला नेणारी कंपनीची बस अजून यायची होती. बाकावर वसईकडची एक नर्स लेकीशी मराठीत बोलत होती, तसे महादेवचे कान आपसूक तिकडे वळले.

"आल्बिना, नर्सिंग मुंबईलाच कर. मी शिकले त्याच हॉस्पिटलात."

"मम्मी, इथलं कॉलेजपण चांगलं आहे. लॅब नवीन आहे."

"तिथे चादरीला सुरकुती दिसली, की मेट्रन अख्खा बेड पुन्हा करायला लावायची. तसं शिक्षण इथे मफी, नाहीच!"

"आणि हॉस्टेल?"

"भेट फक्त रविवारी. आई वसईहून पहाटेच निघायची, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी घेऊन. अर्धी तर मी फाटकातच संपवायची."

"आजी तर गेली. मला कोण भेटायला येणार?"

महादेवची बस आली. चढता चढता त्याला नर्सचा आवाज ऐकू आला,

"इथल्या कॉलेजची बस आपल्या घराजवळ, सनदला थांबते का गं?"