पालथा दगड

संग्रहालयाच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. मधे, पाण्याच्या टाकीसाठी अंगण खणताना निघालेला दगड, चादरीत गुंडाळलेला. पलीकडच्या म्हाताऱ्या पाथरवटाचे कान तिकडेच लागलेले.

“काय म्हणाले साहेब?”

“पुरातन वगैरे काही नाही म्हणे. फार तर वीस वर्षांपूर्वीचं काम.”

“म्हणजे बाबांचंच. दादा, चेहरा आईचा आहे.”

“काहीतरीच. गावातल्या प्रत्येक मेलेल्याचा चेहरा कोरला त्यांनी. आईसाठी छिन्नीला हात लावला नाही. उगाच त्यांच्याशी बोलणं टाकलं का मी?”

“ते गेले तरी टाकलेलंच होतंस.”

“मग? केला असता तर लावला असता घराच्या भिंतीत. पुरला कशाला असता?”

पाथरवटाला राहवेना. “पोरा, जमिनीत कसा होता? उताणा की पालथा?”

“पालथा. का?”

“मनासारखं उतरलं नाही, की आमच्यात दगड पालथा पुरतात. फेकवत नाही.”

भावाने चादर सारली. नाकाचा टवका उडालेला होता. बाकी आईच.

“दादा, खड्ड्यात अजून किती दिसले होते?”

“सहा,” तो म्हणाला. “सगळे पालथे.”