टेकलं की थांब!

...आणि वर मलाच विचारतात, 'काका, चांगला बंपर होता, काढलात कशाला?' चांगला? अरे, डोळे आहेत की बटणं? तुम्हाला सांगतो, लालचुटूक गाडी, दोनच माणसांची, छत मागे दुमडलं की वारा थेट टकलावर, कंबर अशी की जाणाऱ्याने मान वळवावी... आणि तोंडाला काय? काळ्या रबराचा हा एवढा जाडजूड बंपर! जणू नवरीने ओठांवर सायकलची ट्यूब बांधलीय! हिच्याच थोरल्या बहिणींना, म्हणजे त्याच कंपनीच्या आधीच्या गाड्यांना, क्रोमचे बारीक, चकचकीत बंपर. मग कुठलासा नियम निघाला आणि आमचीच्या नशिबी रबर. चाळीस वर्षं सहन केलं मी! चाळीस!

गाडी माझी नाही म्हणा. सासऱ्यांची. त्यांनी ती लेकीला दिली, गाडीबरोबर मी आलो. चालवते हीच. मला येत नाही असं नाही हो, पण फक्त पुढे. रिव्हर्स टाकला की मान एकीकडे, हात दुसरीकडे आणि गाडी तिसरीकडे.

तर ही बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून आठ दिवस गेली. मी एका हाताने टाटा केला आणि दुसऱ्या हाताने मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्रीचं एकच वाक्य. 'होऊन जाईल काका.' माणूस वाईट नाही, पण तो 'होऊन जाईल' म्हणाला की समजायचं, आता काही होत नाही. बोल्ट गंजलेले. तेल सोडलं, हातोडा मारला, पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळलो... बोल्ट ढिम्म! दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आलो तर हा हसत उभा.

'झालं काका!'

'निघाला?'

'कापला!'

मधोमध कापला हो! पुढचाही आणि मागचाही! आत लोखंडाची तुळईच निघाली. एवढं ओझं उतरल्यावर गाडीचं नाक दोन बोटं वर आलं. शेजारचे रिटायर मास्तर कुंपणावरून म्हणतात, 'काय हो, शिंकणार आहे की काय?' मग कळलं, पुढचे इंडिकेटर बंपरातच होते, तेही गेले. 'होऊन जाईल काका.' भोकं बुजवली, वेल्डिंग केलं, नवे दिवे बसवले, स्प्रिंगा बदलून नाक खाली आणलं, रंग मारला आणि सातव्या दिवशी क्रोम चढलं...

पण दिसत होती काय! अहाहा! त्या बंपरात बघून मी दाढी केली, शप्पथ! नाक जरा रुंद दिसतं, एवढंच.

फोनवर हिने विचारलं, 'गाडी बरी आहे ना?' म्हटलं, 'हलकी वाटतेय गं. ओझं उतरल्यासारखी.' आता सांगा, यात एक तरी शब्द खोटा आहे का?

ही आली. पिशवी खाली ठेवली, गाडीभोवती फेरी मारली. मी मागे मागे, शाबासकी घ्यायला. तेवढ्यात हिला कोपऱ्यात पडलेले रबराचे तुकडे दिसले. उकिडवी बसली आणि एका चट्ट्यावर बोट ठेवलं.

'ही दवाखान्याची भिंत. थोरलीच्या वेळची.'

खरं आहे. कळा हिला येत होत्या, गाडी ही चालवत होती आणि शेजारी बसून बोंबलत मी होतो.

'आणि हा बाबांच्या अंगणातला खांब. अठरा वर्षांची होते मी. बाबा म्हणाले, मागे बघत बसू नकोस, मान अवघडते. हळूहळू ये, टेकलं की थांब.'

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला! ही बाई चाळीस वर्षं गाडी लावतेय ती बघून नव्हे, टेकवून! आमचं गॅरेज म्हणजे बोळकांडी, मागे भिंत. रबर भिंतीला टेकायचं, भुस्स, इंजिन बंद. आता भुस्स कुठलं? आता खण्ण!

'मी नाही चालवणार आता,' म्हणाली. रागावून नाही हो. रागावली असती तर हसवली असती मी. अगदी हळू म्हणाली, आणि किल्ली खुंटीला अडकवली.

दोन आठवडे गाडी जागची हलली नाही. एरवी रोज संध्याकाळी छत उघडून आम्ही तळ्यापर्यंत जायचो, ही मोठ्याने गाणी म्हणायची, मी चुकीचे शब्द घालायचो, ही मला चापट मारायची... सगळं बंद. घरात भांडणसुद्धा नाही, बोला! मी आपला अंगणात खुर्ची टाकून गाडीकडे बघत बसायचो. दिसत होती काय, पण एकट्याने अहाहा तरी किती वेळ करायचं?

मास्तर म्हणाले, 'भिंतीला जुना टायर ठोका.' टायर? काळा? माझ्या क्रोमला? छे!

शेवटी हिला म्हटलं, 'अगं, मी मागे उभा राहून सांगतो ना. ये, ये, ये, बस!'

ही बघतच राहिली. 'तुम्ही सांगणार? आणि मी ऐकणार?'

हिचंही बरोबरच आहे म्हणा. लग्नानंतर आठव्या दिवशी हिच्या सगळ्या उजव्या चपला लपवल्या मी. साखरेच्या डब्यात मीठ तर इतक्यांदा घातलं की ही अजून चाखून घेते. एकदा भर रस्त्यात 'चाक निघालं!' म्हणून ओरडलो, ही उतरून चारही चाकं मोजून आली...

'एकच उपाय आहे,' ही म्हणाली. 'भिंतीला पाठ लावून तुम्ही उभे राहा. पोट पुढे. मग बघते किती खोटं सांगता.'

गेलो की तळ्यापर्यंत! गाणी झाली, चापट झाली. परत आलो आणि मी भिंतीला, पोटावर सोफ्याची उशी. मागचे दिवे जवळ येताहेत... 'ये, ये, ये...' तुम्हाला सांगतो, इतक्या खऱ्या आवाजात मी जन्मात बोललो नव्हतो! 'बस! अगं बस! बस, बस, बस, बाई गं, बस!'

भुस्स.

टेकली. क्रोमवर ओरखडा नाही. आणि ही आत बसून हसतेय, अशी हसतेय की कपाळ हॉर्नवर! पोंऽऽऽ! मास्तर कुंपणाशी उभे राहून टाळ्या वाजवताहेत. आणि उशीआडून मला माझी गाडी दिसतेय, पोटाला टेकलेली... दिसत होती काय! अहाहा!

तेव्हापासून रोज संध्याकाळी हीच ड्यूटी. परवा डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, 'काका, हे पोट कमी करायला हवं.' मी मान डोलावणार एवढ्यात ही शेजारून कडाडली, 'मुळीच नाही! रोज गाडी टेकते त्याला!' डॉक्टरांनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा पोटाकडे बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

आता काय... वाढवतोय!