कंसाआधीचे वजा चिन्ह

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्याध्यापिका बाई, संस्थेचे सचिव, माझे सहकारी, पहिल्या रांगेतील माझी लेक व जावईबापू, आणि मागच्या दाराशी चहाकडे डोळे लावून उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनो,

माझ्या निवृत्तीनिमित्त आपण जे गौरवोद्गार काढलेत, त्यांबद्दल मी कृतज्ञ आहे. मात्र बाईंनी मघाशी, "सर येत्या रविवारी राहतं घर सोडून कायमचे लेकीकडे जाणार, सामानाचा टेम्पोही ठरलाय," असे जाहीर केले आणि आपण टाळ्या वाजवल्यात, त्याविषयी बोलणे मला भाग आहे. ही वार्ता मलाही इथेच कळली. चाकांची बॅग भेट का मिळाली, याचाही उलगडा झाला.

पत्नीच्या निधनापासून लेकीचा एकच धोशा आहे. "बाबा, आई गेली. आता काय उरलंय तिथे? आमच्याकडे नातू आहे, गच्ची आहे." मी गप्प राहिलो. गप्प राहणे म्हणजे होकार, हे कोणत्या गणितात बसते?

मी हयातभर बहुपदींची वजाबाकी शिकवली. पाच एक्स अधिक दोन, यातून तीन एक्स उणे चार वजा करा. उत्तर, दोन एक्स अधिक सहा. मुले काय लिहितात? दोन एक्स उणे दोन! कंसाआधीचे वजा चिन्ह पहिल्या पदाला लावतात आणि दुसरे पद जसेच्या तसे उतरवून मोकळे होतात. अहो, ते चिन्ह अख्ख्या कंसाचे आहे! किती वेळा सांगायचे? माझा घसा बसला, चूक मात्र ठणठणीत आहे.

आणि सांत्वनाला आलेली शिकली-सवरलेली माणसे तरी वेगळे काय करतात? "एक माणूस गेलं, बाकी घर तसंच आहे हो." कुठे तसेच आहे? ती एकटी वजा झालेली नाही. मोठ्या आवाजातला सकाळचा रेडिओ गेला. जिन्यात शेजारणीचा निरोप घेता घेता नव्याने रंगणाऱ्या गप्पा गेल्या. "ओला टॉवेल पुन्हा गादीवर! आणि म्हणे गणिताचे मास्तर!" हा माझा रोजचा आहेर गेला. आता ही कटकट म्हणजे कंसातले ऋण पद. ऋण पद वजा केले की धन होते. नियमाप्रमाणे माझ्या सुखात भर पडायला हवी. टॉवेल हल्ली दिवसभर गादीवर पडून असतो. कोणी काही बोलत नाही. मी पुन्हा पुन्हा पडताळा घेतो. जुळत नाही.

लेकीची चूक आणखी निराळी. नातू मला जिवापाड प्रिय आहे. पण तो आणि त्याची आजी ही विजातीय पदे आहेत. एक्समधून वाय वजा केल्याने शून्य येत नाही. दोन्ही पदे आपापल्या जागी उभी राहतात.

काय म्हणालीस? "बाबा, पुरे ना, घरी बोलू"? घरीच बोलायचे होते, बाळ. टेम्पो ठरवण्यापूर्वी. जावईबापू, आपण हसू नका. आगाऊपणा आपलाही आहे.

तुझी माया मला कळते. तुला वाटते, बाबा रिकाम्या घरात कुढत बसतील. बसतीलही. पण त्या घरात तिचे नसणे तरी आहे, बाळ. तुझ्याकडे मला तेही मिळणार नाही. म्हणून मी सुट्टीत येईन, नातवाला उदाहरणे घालीन, आणि परत जाईन.

आपण सर्वांनी एका चिडक्या माणसाला इतकी वर्षे सांभाळून घेतलेत, याबद्दल मी मनःपूर्वक आभार मानतो. बोलण्याच्या भरात कोणाचे मन दुखावले असल्यास उदार अंतःकरणाने क्षमा असावी. टेम्पोवाल्याला मात्र आजच नकार कळवावा.