मस्कतच्या वेळेचा पाऊस

आमच्या घरी हवामान मस्कतहून येतं, हे तुम्हाला सांगितलंय का कधी? धाकटा भाऊ तिथे नोकरीला आहे. तो कसल्याशा साइटवर बघतो आणि आम्हाला कळवतो. परवा खळ्यात आईची आंबापोळीची वीस ताटं वाळत होती. अकराला त्याचा फोन आला.

"दादा, सकाळचा अंदाजाचा रन आला. त्यावर शून्य लिहिलंय, ती लंडनची ग्रीनिच वेळ. त्यात आपले साडेपाच तास मिळव."

"म्हणजे पहाटे साडेपाचचा? मग अकराला का सांगतोस?"

"अरे, साडेपाचच्या हवेवरून कॉम्प्युटर गणित मांडतो. उत्तर यायला वेळ लागतोच."

मला ओ की ठो कळलं नाही. "पाऊस कधी, तेवढं सांग."

"साडेबाराला."

मी इमानदारीत साडेपाच मिळवले आणि आईला म्हटलं, "सहापर्यंत बिनधास्त राहा."

दोन वाजता धो धो कोसळला. ताटांत रस तरंगायला लागला. मी तणतणत फोन लावला, "तूच म्हणालास ना, साडेपाच मिळव!"

"ते रनला रे! पावसाची वेळ साइट इथलीच दाखवते."

"इथली म्हणजे कुठली?"

तो हळूच म्हणाला, "मस्कतची. आपल्याहून दीड तास मागे."

मस्कतचे साडेबारा म्हणजे आपले किती, ते मी बोटांवर मोजायला लागलो. आई ताटं उपडी करत म्हणाली, "लंडनची वेळ, मस्कतचा फोन आणि तुझी बेरीज. एकाने तरी वर बघितलंत का रे?"