कार्ड तर जागेवरच व्हतं

मी सुमन, मूळची सुरगाण्याकडच्या डोंगरातली. आता नाशिकला गंगापूर रोडवर लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात बसते, बारा वर्षं झाली. काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं भात-नागली निघाली की निम्मं गाव रिकामं, सगळे द्राक्षाच्या कामाला पिंपळगावला, आईबापासंगं मी पन. होळीला परत यायचं, शाळेत जाऊन बसायचं, तर हजेरीच्या कॅटलॉगात माझं नावच नाय, कापलेलं. मास्तर एकेक नाव घ्यायचे, माझं येतच नाय, आन मी त्यांच्या समोर बसलेली. मास्तर वाईट नव्हते हो, पन बघायचे कॅटलॉगात, पोरांकडं नाय. मला वाटायचं मी हाय का नाय नक्की. मग एक नव्या बाई आल्या, त्या होळीनंतर कॅटलॉग मिटून ठेवायच्या, आधी पोरं मोजायच्या, मग नावं लिहायच्या. त्यांच्यामुळं मी दहावी झाले, नायतर कुठं.

पुढं पॅकहाऊसमधी द्राक्षाच्या पेट्या भरायला लागले. तिथं लेबलं छापायचा कॉम्प्युटर सारखा अडायचा, तर नाशिकहून दुरुस्तीला भाई यायचे, मी बाजूला उभी राहून बघायची, बघून बघून शिकले. त्यांचंच हे दुकान. भाईंनी शिकवलं ते एवढंच, आधी पार्टला बोट लाव, चालू असला तर गरम, मेला असला तर गार, बोटाला कळतं. पन आता सगळं स्क्रीनवर दिसतं ना, मशीनमधल्या पार्टची यादी उघडली की कळतं काय हाय काय नाय. माझी बोट लावायची सवय गेली ती गेलीच.

तर शोभाताई. इथल्याच कॉलनीतल्या, तासावर शिकवायच्या, तासावर म्हणजे आज हाय उद्या नाय. त्यांना कळवणकडच्या एका शाळेत कायमची जागा निघाली, मुलाखत लॅपटॉपवरनं, समोर पाच जण, धडा शिकवून दाखवायचा. धडा रंगात आला आन नेट गेलं. मोबाइलच्या नेटवर चालवत व्हत्या, मोबाइल चालू, लॅपटॉपातलं नेट गायब. मशीन तशीच चालू ठेवून रिक्षानं दुकानात आल्या. मी यादी उघडली, वायफायचं कार्डच नाय यादीत. म्हणले कार्ड गेलं ताई. दुसरं घातलं, चालू केलं, चाललं. चालणारच ना, बंद करून चालू केलं की कुणीबी उठतं, पन तवा मला कुठं कळलं.

चार दिवसांनी परत तेच. परत कार्ड बदललं, परत चाललं. दिवसभर टेबलावर चालू ठेवलं, काय नाय, ठणठणीत. तिसऱ्यांदा आल्या तवा माझं डोकंच फिरलं, मी म्हणले ताई, तुम्ही पाडला असेल, नायतर पोरांनी पाणी सांडलं असेल, दुकानात चालतं आन तुमच्याकडंच कसं बंद पडतं. त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, सुमन, शाळेनं शनिवारी अजून एक संधी दिलीय, तिसरी द्यायचे नाहीत. मला लाज वाटली खरं सांगते. लाज वाटली आन काय करावं तेबी कळंना. म्हणले मी येते शुक्रवारी घरी.

घरी गेले, मागचं झाकण उघडून मशीन चालू ठेवली, बसलो दोघी. तास गेला, चहा झाला, काय होत नाय. बॅटरी उतरली तशा ताई उठल्या, चार्जर लावला, आन नेट गेलं. मी बघतच राहिले. आमच्या दुकानात कसं हाय, मशीन टेबलावर आली की पहिलं काम चार्जर, मग बटन. चालू मशीनला चार्जर आम्ही कधी लावतच नाय, मग दिसणार कसं. यादी उघडली, कार्ड नाय. आन काय मनात आलं कोण जाणे, मी बोट लावलं. कार्ड गरम. चांगलं गरम, चालू कार्डासारखं. मी ताईंचा हात धरून त्यांचं बोट लावलं, म्हणले मला भास होतोय का बघा.

आता कंपनी कारखान्यातच मशीनच्या चिपमधी एक छोटा प्रोग्राम भरून देते, चालू मशीनला काय लावलं, काय काढलं, त्याची वर्दी तो विंडोजला देतो. विंडोजकडची नोंद उघडून बघितली, तर हा बाबा चार्जर आला की वर्दी देत व्हता, कार्ड काढलं म्हणून. विंडोज बिचारं यादीतनं नाव कापून मोकळं. का देतो अशी वर्दी? मला अजून कळलं नाय. भाईंना विचारलं, तेबी डोकं खाजवत बसले. कंपनीनं त्या जुन्या मशीनचा नवा प्रोग्राम काढलाच नाय. चार्जर आधीच लावून ठेवावा म्हणलं, तर कॉलनीत लाईट जाते-येते, आली की परत तेच.

मला एकदम आमच्या बाई आठवल्या, कॅटलॉग मिटून पोरं मोजणाऱ्या. वर्दी देणारा सुधारत नाय तर नाय, विंडोजला सांगून ठेवलं, करंट आला की मशीनमधले सगळे पार्ट परत मोजायचे, कोण कोण जागेवर हाय ते. चार्जर लावला, नेट गेलं, सहा अंक मोजले, आलं. दहादा लावला-काढला, दहादा आलं. ताई हसायला लागल्या, मी मात्र घाबरलेलीच.

शनिवारी मी दाराशी बसले. धडा अर्ध्यावर आन लाईट गेली. पंखा थांबला. ताई शिकवतच राहिल्या. मग लाईट आली, स्क्रीन थिजली, मी मोजते, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आन पलीकडनं आवाज आला, हां मॅडम, दिसताय, चालू द्या.

जागा मिळाली त्यांना. तिथं वर्गातबी तोच लॅपटॉप लावून शिकवतात, त्यानंतर एकही धडा तुटला नाय, पन ती मशीन अजून खोटी वर्दी देतेच, मला अजून कळत नाय का. परवा ताईंचा फोन. म्हणाल्या, सुमन, दिवाळीनंतर अर्धा वर्ग रिकामा झालाय गं, पोरं आईबापांबरोबर द्राक्षाला गेली, वरनं सांगतात नावं कमी करा, काय करू?  मी म्हणले, राहू द्या ताई नावं. होळीला येतात, तवा परत मोजा.