काढतो म्हणजे काय करतो?

सुजलेला गाल धरून मास्तर बायकोसोबत दातांच्या दवाखान्यात बसले होते खरे, पण कान होते मागच्या बाकावरच्या आत्या-भाचीकडे.

"लॅपटॉपवर कपाळाला आठ्या घालून काय लिहितेस गं?"

"आत्या, दवाखान्यांसाठी बनवलेल्या आमच्या एआयच्या हाती छोटे छोटे प्रोग्रॅम दिलेत. कुठला कशासाठी वापरायचा, ते मी लिहिते. मग त्याची परीक्षा घेते."

"पास झाला का?"

"कसला! चाळीसपैकी अकरा चुका, सगळ्या एकसारख्या. पुढच्या पेशंटचं नाव बघायला सांगितलं, तर यानं यादीतून पुसूनच टाकलं!"

"त्या प्रोग्रॅमबद्दल तू लिहिलं होतंस काय?"

"सरळ मराठीत लिहिलं होतं. 'यादीतून नाव काढतो.'"

"मग त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? कपाटातून ताटं काढतो, ती काय फेकायला?"

"अगं बाई!"

"'पुसतो' असं लिही. आणि पुसलेलं परत येत नाही, तेही लिही."

"लिहिलं. थांब हं... आत्या, चाळीसपैकी चाळीस!"

"नाव काढलंस हो पोरी!"

मास्तरांना हसू आवरेना. बायकोनं कोपरखळी मारली.

"अहो, एवढं दुखतंय ना? मग दात काय काढताय?"

"काढायलाच तर आलोय!"