माझ्या नाकावरचा प्रबंध

…नाही पण तुम्हीच सांगा, नाक माझं, डबी माझी, शिंकही माझीच, मग त्यावर आमच्या कन्येनं ऐंशी पानं का लिहावीत? मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू फिरवतो, डोळे जड झाले की जरा बाजूला वळून… अहो, चिमूटभर तपकीर हो! पण कन्या समाजशास्त्राला, प्रबंधाचा विषय व्यसन, आणि व्यसनी शोधत उन्हात कोण हिंडणार? घरातच होता की! म्हणते, "बाबा, हे विचलित वर्तन आहे, म्हणजे समाजाची रीत सोडून वागणं. तुम्हाला मोठं दुकान हवं होतं, ते मिळालं नाही, त्या ताणातून हे लागलं." तुम्हाला सांगतो, मला जन्मात मोठं दुकान नको होतं, त्या दिवसापासून मात्र हवंसं वाटायला लागलंय!

दुसरा सिद्धांत म्हणे संगत. पहिली चिमूट शेजारच्या न्हाव्यानं दिली, हे तिनं त्याच्याच दुकानात उभं राहून वाचून दाखवलं, आणि तेव्हा खुर्चीत कोण होतं? मी! न्हावी दचकला, अर्धी मिशी गेली की हो… तिसरा सिद्धांत, माणसाला व्यसनी म्हटलं की तो तसाच वागायला लागतो. ही बया जिन्यातल्या प्रत्येक दाराशी विचारत फिरली, "आमचे बाबा व्यसनी आहेत, तुमचं काय मत?" दोनदा ओढायचो, सहादा ओढायला लागलो! आणि चौथा? घरचा धाक सैल! झालं, तिची आई कमरेवर हात ठेवून उभी: "सव्वीस वर्षं डब्या लपवतेय मी, आणि धाक माझा कमी पडला?" दोन दिवस स्वयंपाकघर थंड, मायलेकींचा अबोला, मधे माझं सँडविच… आणि कशापायी? अहो, चिमूटभर तपकीर हो!

शेवटी म्हटलं, नाक गेलं खड्ड्यात, घरात माणसं बोलायला हवीत. डबी कचऱ्यात टाकली आणि जाहीर केलं, "सोडली!" वाटलं, पोरगी गळ्यात पडेल. ती रडायलाच लागली! "बाबा, सोमवारी माझ्या गाइड मॅडम तुम्हाला भेटायला येतायत, अख्खं पाचवं प्रकरण तुमच्या नाकावर उभं आहे, तोवर तरी बिघडलेले राहा ना!" आणि तिची आई, सव्वीस वर्षं डब्या लपवणारी, माळ्यावर चढली, अकरा डब्या खाली आणल्या, माझ्यापुढे मांडल्या आणि म्हणाली, "लेकीच्या वर्षाचा प्रश्न आहे. ओढा!"

ओढली. काय करता? शिंक अशी आली, की टेबलावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा जो उडाला तो अजून सापडायचाय… आणि कन्येनं डोळे पुसत वहीत लिहून घेतलं, "सिद्धांत पाचवा: घरच्यांचा दबाव."